बॅकिंग ट्रॅक, उलटे ध्वनिमुद्रण आणि सम

गिरगावातील एका हौशी भावगीत मंडळाने दोन प्रश्न एकत्र विचारले आहेत. मंडळात दोन गायक, एक कीबोर्डवादक आणि एक तबलावादक आहेत. दादरच्या एका नाट्यगृहात दोन तासांचा कार्यक्रम ठरला असून व्हायोलिन, बासरी, सतार ही बाकीची वाद्ये बॅकिंग ट्रॅकवरून, म्हणजे आधी मुद्रित केलेल्या साथीवरून, वाजवावीत असा त्यांचा विचार आहे. शिवाय मंडळाने स्वतः चाल लावलेल्या एका नव्या गाण्यात, दोन कडव्यांच्या मधल्या जागेत, त्यांना उलटी वाजवलेली सतार आणि उलटा केलेला गळा हवा आहे. हे सारे कसे करावे, आणि उलट्या मुद्रणातून भलतेच शब्द ऐकू येतात असे म्हणतात त्यात तथ्य किती, असे त्यांनी विचारले आहे.

मी गेली ३५ वर्षे मुंबईत ध्वनिमुद्रण आणि नाट्यगृहातील ध्वनिसंयोजन ही दोन्ही कामे करत आलो आहे. तुमचे दोन प्रश्न वेगवेगळे दिसत असले तरी दोन्हींचे उत्तर एकाच ठिकाणाहून सुरू होते. आधी शेवट कुठे यायला हवा ते ठरवायचे आणि तिथून मागे मोजत सुरुवात शोधायची. तुमच्या तबलावादकांना यात नवीन काही वाटणार नाही, कारण तिहाई, म्हणजे एकच बोल तीनदा वाजवण्याची रचना, बसवताना ते नेमके हेच करतात. शेवटचा ‘धा’ समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, पडला पाहिजे एवढे पक्के धरून पहिला ‘धा’ कितव्या मात्रेवरून उचलायचा ते ते उलटे मोजतात. म्हणून माझी पहिली सूचना अशी, की या कामात संगणकासमोर कीबोर्डवादकाच्या शेजारी तबलावादकालाही पहिल्या दिवसापासून बसवा.

दुसरी सूचना ट्रॅकमध्ये काय घालावे याविषयी आहे. मंचावर बसलेला माणूस जे वाजवू शकतो ते ट्रॅकमध्ये असू नये. बाजारातून किंवा इंटरनेटवरून आणलेल्या तयार ट्रॅकमध्ये तबला, ढोलक, बेस, सगळे काही आधीच असते, आणि मग तुमचे तबलावादक दोन तास एका अदृश्य तबलजीची नक्कल करत बसतात. दोन तबले जवळजवळ एकाच क्षणी वाजले, की श्रोत्याला तो एक भरघोस तबला वाटत नाही. प्रत्येक बोलाच्या कडा बोथट झालेल्या ऐकू येतात आणि ‘आज तबला जरा सैल वाटला’ असा ठपका जिवंत वादकावर येतो. मध्यंतरात कोणी तसे म्हणाले तर तबलजींनी ते निमूटपणे ऐकून घ्यावे लागते, हे मी अनेकदा पाहिले आहे.

मुंबईत एके काळी ‘ट्रॅक’ हा प्रश्नच नव्हता. ताडदेवच्या फिल्म सेंटरसारख्या ठिकाणी चित्रपटाचे गाणे मुद्रित होताना गायक आणि डझनावारी वादक एकाच वेळी वाजवत, आणि शेवटच्या ओळीत एका व्हायोलिनवाल्याचा गज चुकला तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागे. अनेक ट्रॅकांची यंत्रे रुळल्यावर वाद्ये आधी आणि गळा नंतर अशी पद्धत बसली, आणि गळ्याशिवायचे मुद्रण ही स्वतंत्र वस्तू म्हणून हाती आली. तिलाच आपण ‘माइनस’ किंवा नुसते ‘ट्रॅक’ म्हणू लागलो. जपानात कोबे शहरातील दाइसुके इनोऊए यांनी १९७१ साली नाणे टाकून साथ ऐकवणारे यंत्र भाड्याने द्यायला सुरुवात केली आणि त्यातून कराओके जगभर पोहोचले. त्या शब्दातील ‘कारा’ म्हणजे रिकामे आणि ‘ओके’ हे ऑर्केस्ट्राचे जपानी लघुरूप. रिकामा ऑर्केस्ट्रा हे वर्णन मला फार नेमके वाटते. त्यात सगळे असते, फक्त थांबून तुमच्याकडे पाहणारा माणूस नसतो.

तयार गाण्यातून गळा काढून ट्रॅक करण्याचे दोन मार्ग आहेत आणि त्यांतला फरक तुम्हाला माहीत असावा. जुना मार्ग वजाबाकीचा. स्टीरिओ मुद्रणात गळा बहुधा मधोमध, म्हणजे दोन्ही चॅनेलवर सारखाच ठेवलेला असतो. एक चॅनेल दुसऱ्यातून वजा केला की जे सारखे ते नाहीसे होते. दुर्दैवाने बेस आणि डग्गादेखील मधोमधच ठेवलेले असतात, त्यामुळे तेही जातात, आणि गळ्याचा घुमारा मात्र दोन्ही बाजूंना पसरलेला असल्यामुळे गायकाच्या भुतासारखा मागे उरतो. नवा मार्ग प्रशिक्षित संगणकप्रणालीचा आहे. २०१९ मध्ये डीझर या कंपनीने ‘स्प्लीटर’ ही प्रणाली सर्वांसाठी खुली केल्यापासून गळा, बेस, तालवाद्ये वेगळी करणे घरच्या संगणकावरही शक्य झाले. निकाल पूर्वीपेक्षा कितीतरी चांगला येतो. मात्र हेडफोनवर छान वाटणारा असा ट्रॅक नाट्यगृहाच्या मोठ्या स्पीकरवर लावला, की झांजा आणि तारवाद्यांच्या वरच्या भागात पाण्याखालून आल्यासारखी एक थरथर ऐकू येते. शक्य असेल तर तुमच्या कीबोर्डवादकाकडून ट्रॅक स्वतः तयार करून घ्या. चार वाद्यांचा प्रामाणिक ट्रॅक चाळीस वाद्यांच्या खरवडलेल्या ट्रॅकपेक्षा सभागृहात बरा उभा राहतो.

पट्टी बदलण्याविषयी थोडक्यात सांगतो. मूळ ट्रॅक काळी चारमध्ये असेल आणि तुमच्या गायिकेला पांढरी पाच सोयीची असेल, तर फरक एका अर्धस्वराचा आहे. सॉफ्टवेअरने तो बिनदिक्कत करा. दोन अर्धस्वरांपर्यंत मी स्वतः जातो. त्यापलीकडे तंतुवाद्यांपेक्षा तालवाद्ये आधी उघडी पडतात, कारण सॉफ्टवेअरने तबल्याचा स्वर वर सरकवला की त्या लाकडाचा आणि पुडीचा घुमाराही त्याच्यासोबत वर सरकतो, जणू तबलाच लहान झाला, आणि आवाज खेळण्यातल्या तबल्यासारखा होतो. काळी एकचा ट्रॅक पांढरी चारवर ओढण्याऐवजी तो नव्याने वाजवून घेणे केव्हाही स्वस्त पडते.

आता एक आपबीती, कारण तिच्यातून तुमचा एक कार्यक्रम वाचू शकेल. काही वर्षांपूर्वी एका नाट्यगृहात आम्ही ट्रॅक ४८ किलोहर्ट्झ सॅम्पल रेटवर, म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने घेऊन, तयार करून नेला होता आणि तिथले वादनयंत्र ४४.१ किलोहर्ट्झवर बसवलेले होते. यंत्राने फाइल नाकारली नाही, निमूटपणे आपल्या गतीने वाजवली. चार मिनिटांचे गाणे चार मिनिटे एकवीस सेकंदांचे झाले आणि स्वर सुमारे १४७ सेंटने (एक अर्धस्वर म्हणजे शंभर सेंट), म्हणजे एका अर्धस्वराहून बराच जास्त पण दोनांहून कमी, इतका उतरला. हार्मोनियमच्या दोन पट्ट्यांच्या मधोमध अडकलेल्या त्या स्वरात ना पेटी जुळत होती ना तबला. गायिकेने पहिली ओळ तशीच निभावली, दुसऱ्या ओळीला तिने माझ्याकडे पाहिले, आणि मी ट्रॅक बंद केला. पुढचे गाणे नुसत्या पेटी-तबल्यावर झाले आणि, खरे सांगायचे तर, त्या संध्याकाळचे तेच सर्वांत चांगले गाणे ठरले. चूक माझी होती, कारण दुपारच्या चाचणीत मी आवाजाची पातळी पाहिली आणि स्वर तपासला नाही. तेव्हापासून प्रत्येक ट्रॅकच्या आधी स्वतंत्र फाइलमध्ये दहा सेकंदांचा षड्ज ठेवतो आणि नाट्यगृहात पोहोचल्यावर सर्वांत आधी तो तानपुऱ्याशी ताडून पाहतो.

फाइल वेव्ह स्वरूपात ठेवा. एमपी-३ करताना सुरुवातीला मिलिसेकंदांची शांतता आपोआप जोडली जाते; एरवी ती जाणवत नाही, परंतु दोन फाइली एकमेकींशी जुळवून वाजवायच्या असतील किंवा एखादा तुकडा फिरता ठेवायचा असेल तर प्रत्येक फेरीला ती खडा होऊन टोचते. फोनवरून वाजवणार असाल तर तो विमान मोडवर ठेवा. आणि ब्लूटूथ कोणत्याही टप्प्यावर वापरू नका. त्यातील विलंब दीडशे-दोनशे मिलिसेकंदांच्या घरात सहज जातो.

मंचावर ट्रॅक कोणाला ऐकू यायला हवा, हा प्रश्न मंडळे क्वचितच विचारतात. साधी व्यवस्था अशी, की संपूर्ण ट्रॅक मोनो करून डाव्या चॅनेलवर ठेवायचा आणि उजव्या चॅनेलवर फक्त टकटक, म्हणजे क्लिक. डावा चॅनेल डीआय बॉक्स या जोडणीच्या डबीमधून ध्वनिमेजाकडे जातो, उजवा केवळ तबलावादकाच्या एका कानातल्या हेडफोनला. गायकांना क्लिक देऊ नका; ते तबल्याकडे पाहून गातात, तसेच गाऊ द्या. मात्र तबलजींना ट्रॅक जवळच्या मॉनिटरमधून ऐकू आला पाहिजे, सभागृहाच्या मुख्य स्पीकरमधून नव्हे, कारण आवाज दहा मीटर अंतर कापायला सुमारे २९ मिलिसेकंद घेतो आणि द्रुत लयीत एवढ्या उशिराने ठेका सैल पडतो.

क्लिक तयार करताना बहुतेक सॉफ्टवेअर चार ठोक्यांचे घर धरून चालते. तुमच्या कार्यक्रमात दादऱ्यातील गाणी भरपूर असणार, तेव्हा घर सहाचे करा आणि जोर पहिल्या मात्रेवरच पडतो ना हे पाहा. रूपक ताल असेल तर समेवर खाली, म्हणजे बिनजोराची मात्रा, असते हे लक्षात घेऊन पहिल्या मात्रेचा टक मवाळ ठेवा, नाहीतर तबलजींचा हात नकळत तिथे भरीवर जातो. गाण्याआधी क्लिकचे एक पूर्ण आवर्तन मोकळे सोडावे. आणि ज्या गाण्याची सुरुवात तालाविना आहे, तिथे ट्रॅक मुळीच सुरू करू नका. आलापाखाली हवा असेल तर नुसता षड्ज-पंचमाचा भरणा स्वतंत्र फाइलवरून चालू ठेवा, गायकाला मनाजोगता वेळ घेऊ द्या, आणि तो मुखड्यावर आला की कीबोर्डवादकाने पायाच्या स्विचने तालाचा ट्रॅक सुरू करावा. सेकंद मोजून आलाप करणे ही भावगीताची चेष्टा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता उलट्या मुद्रणाकडे येतो.

सतारीची तार छेडली की आवाज एका झटक्यात उंचावर पोहोचतो आणि मग सावकाश विरत जातो. मुद्रण उलटे वाजवले की तोच आवाज शून्यातून हळूहळू फुगत येतो आणि शिखरावर पोहोचताच तुटतो. गंमत अशी, की त्यातील स्वर आणि उपस्वर यांचे एकूण प्रमाण तसूभरही बदललेले नसते. बदलतो तो त्यांचा काळातील क्रम. तरीही कानाला ते वाद्य ओळखू येत नाही, कारण वाद्य ओळखताना आपला कान पहिल्या काही मिलिसेकंदांतील आघातावर फार विसंबून असतो. म्हणूनच संतूर, सतार, पियानो, टाळ, देवळातली घंटा ही आघाताची वाद्ये उलटी केल्यावर मोहरून जातात, आणि बासरी किंवा हार्मोनियमचा लांब स्वर उलटा केला तर फुंकीचा आणि भात्याचा किरकोळ फरक सोडता काहीच हाती लागत नाही. डग्ग्याचा घुमारा दाबून वर नेलेला असेल तर उलटा केल्यावर तो खाली उतरत येऊन एकदम थापेवर मिटतो, हा आवाज मला स्वतःला फार आवडतो. तानपुरा उलटा करू नये असे माझे मत आहे. जवारीचा तो उमलता झंकार उलटा झाला की धाप लागल्यासारखा वाटतो.

ही कल्पना मुद्रणाइतकीच जुनी आहे. एडिसनचा १८७७ सालचा फोनोग्राफ हाताने फिरवायचा होता, तेव्हा दांडी उलटी फिरवली की आवाजही उलटा यायचा. पॅरिसमध्ये पिएर शेफर यांनी १९४८ पासून मुद्रित आवाज उलटे, हळू, जलद वाजवून त्यांचीच रचना करायला सुरुवात केली. लोकप्रिय संगीतात ही युक्ती रुजवली ती बीटल्स या ब्रिटिश बँडने. त्यांच्या १९६६ सालच्या ‘रेन’ या गाण्याच्या शेवटी बँडमधल्या जॉन लेननचा उलटा गळा आहे, आणि त्याच वर्षीच्या ‘आय’म ओन्ली स्लीपिंग’मध्ये जॉर्ज हॅरिसनची उलटी गिटार आहे. तुमच्यासाठी या दुसऱ्या गाण्यातील पद्धत महत्त्वाची आहे. हॅरिसनने काहीतरी वाजवून ते उलटे केले नाही. उलटे झाल्यावर कोणते स्वर ऐकू यायला हवेत ते आधी ठरवून त्यांचा उलटा क्रम वाजवला.

आपल्या संगीतात तर ही काळजी दुप्पट घ्यावी लागते. समजा, तुमची चाल भीमपलासात आहे आणि सतारवादकाने सां नि ध प म ग रे सा असा सुंदर अवरोह वाजवला, त्यात ग आणि नि अर्थातच कोमल. तो उलटा केला की सा रे ग म प ध नि सां असा सरळ आरोह ऐकू येतो, आणि भीमपलासाच्या आरोहात वर्ज्य असलेले रिषभ-धैवत त्यात राजरोस उभे राहतात. कानाला तो काफीचा आरोह वाटतो. देसचा अवरोह उलटा केला तर कोमल निषाद चढताना लागतो. मींडही उलटते, मध्यमावरून गंधारावर घसरत आलेला स्वर उलटा झाला की गंधारावरून मध्यमाकडे चढतो. तेव्हा कागदावर हवा तो अंतिम स्वरसमूह लिहा, तो उजवीकडून डावीकडे वाचून वादकाकडून वाजवून घ्या, प्रत्येक मींड विरुद्ध दिशेने घ्यायला सांगा, आणि मग उलटा करा. भीमपलासचा नि सा ग म हा चढता तुकडा हवा असेल तर वादकाने म ग सा नि वाजवायचे. पहिल्या दिवशी हे फार विचित्र वाटते. दुसऱ्या दिवशी चांगल्या वादकाला त्याचा चस्का लागतो.

आम्ही हे काम टेपवर शिकलो. पाव इंची स्पूलच्या दोन ट्रॅकांच्या यंत्रावर स्पूल पालटून लावले की टेप उलटी वाजे आणि डावा-उजवा चॅनेल आपसांत बदलत. साध्या कॅसेटला हे जमत नसे, कारण ती पालटली की दुसरी बाजू सुलट वाजू लागते. मात्र १९७९ साली टॅस्कॅमने आणलेल्या पोर्टास्टुडिओसारख्या चार ट्रॅकांच्या कॅसेट यंत्रात चारही ट्रॅक एकाच दिशेने असत, त्यामुळे कॅसेट पालटली की सगळेच उलटे वाजे. पहिला ट्रॅक चौथ्याच्या जागी, दुसरा तिसऱ्याच्या जागी जाई. घाईत चुकीच्या ट्रॅकवर मुद्रण करून आधीचा गळा पुसून टाकण्याचे पाप माझ्याही नावावर आहे. आज संगणकावर एका आज्ञेत सॅम्पलांचा क्रम उलटतो आणि काही बिघडले तर मागे येता येते, हे सुख लहान नाही. तोटा एवढाच, की उलटे करणे फुकट झाल्यामुळे ते कुठेही शिंपडले जाते.

उलटा तुकडा बसवण्याचे गणित तुमच्याच गाण्यावर करू. समजा केरवा आहे आणि लय ९६ बीपीएम, म्हणजे मिनिटाला ९६ मात्रा. साठ हजार मिलिसेकंदांना ९६ ने भागले की एक मात्रा ६२५ मिलिसेकंदांची येते आणि आठ मात्रांचे आवर्तन बरोबर पाच सेकंदांचे. उलट्या सतारीचे शिखर कडव्याच्या समेवर यायला हवे आणि फुगवटा पाचव्या मात्रेपासून, म्हणजे खालीपासून सुरू व्हायला हवा. तेव्हा तुकड्याची लांबी चार मात्रा, अडीच सेकंद. सतारीचा मूळ स्वर किमान तेवढा वेळ वाजू द्या, आघातापासून अडीच सेकंद मोजून शेपूट कापा, उलटा करा आणि तुकड्याचा शेवट समेवर टेकवा. सुरुवात कुठे पडते याकडे लक्षच देऊ नका. ती आपोआप योग्य जागी येते.

यात एक मेख आहे. स्वर अडीच सेकंदांत ६० डेसिबेल विरत असेल, तर उलटा झाल्यावर तो सेकंदाला २४ डेसिबेल या वेगाने चढतो. म्हणजे समेच्या एक सेकंद आधीही तो शिखरापेक्षा २४ डेसिबेल खाली असतो आणि इतर वाद्यांच्या गर्दीत ऐकूच येत नाही. कागदावर चार मात्रांचा असलेला फुगवटा कानाला जेमतेम दोन मात्रांचा वाटतो. म्हणून जास्त लांब घुमणारा स्वर निवडा किंवा पाचव्या ते सातव्या मात्रेचा भाग हाताने उचला, आणि त्या जागी ट्रॅकमधील बाकीची वाद्ये बाजूला करा. शेवटी, जिथे मूळ आघात होता तिथे, पाच-दहा मिलिसेकंदांचा उतार द्या, नाहीतर स्पीकरमध्ये टचकन आवाज येईल. समेवर तुमच्या तबलजींचा जिवंत ‘धा’ पडला की तो तुटका कडा झाकला जातो. ते त्या आवर्तनात तिहाई घेणार असतील तर दोघे मिळून समेवर येतात, आणि मंचावरच्या माणसाने आणि यंत्राने मिळून केलेली अशी जागा मला उलट्या आवाजाचा सर्वांत योग्य उपयोग वाटते. उलटी सतार कोणी मंचावर बसून वाजवू शकत नाही. ती ट्रॅकमध्येच शोभते.

गळ्यासाठी मात्र शब्द उलटे करण्यापेक्षा शब्दाचा घुमारा उलटा करणे तुमच्या गाण्याला जास्त साजेल. कडव्याचा पहिला शब्द वेगळा काढा, उलटा करा, त्याच्या शेवटी तीन-चार सेकंदांची शांतता जोडा, त्यावर दोनेक सेकंदांचा रिव्हर्ब, म्हणजे कृत्रिम घुमारा, देऊन फक्त घुमाऱ्याचेच नवे मुद्रण करा, आणि ते पुन्हा उलटे करा. आता शब्द सुलट ऐकू येतो, पण त्याचा घुमारा त्याच्या आधी दाटून येतो. जणू शब्द उच्चारण्याआधीच खोलीला तो माहीत होता. शांतता जोडायला विसरलात तर घुमाऱ्याची शेपूट कापली जाते, आणि उलटल्यावर तीच सुरुवात असल्यामुळे आवाज धक्का मारून आत येतो. ही चूक जवळजवळ प्रत्येक जण पहिल्या खेपेला करतो. मूळ शब्द ट्रॅकमध्ये ठेवू नका. नुसता घुमारा ठेवा आणि शब्द गायिकेला मंचावर म्हणू द्या.

तुम्ही शब्दच उलटे करायचे ठरवलेत तर अक्षर आणि ध्वनी यांतील फरक लक्षात घ्या. ‘रामाला भाला मारा’ हे वाक्य आपण लहानपणी उलटसुलट सारखेच म्हणून शिकलो. ते मुद्रित करून उलटे वाजवा. ‘आरामालाभालामार’ असे काहीसे ऐकू येईल, कारण आपले अक्षर म्हणजे व्यंजन आणि त्यामागचा स्वर, आणि टेपला अक्षरे कळत नाहीत, ती स्वर आधी आणि व्यंजन नंतर वाजवते. ‘भ’मधला हकारही ओठ मिटण्याआधी येतो. ‘चिमा काय कामाची’ची गत आणखी वाईट, ‘च’ हा त् आणि श् यांचा जोडध्वनी असल्यामुळे उलटा होऊन ‘श्त’ होतो आणि ‘ईश्तामाक्याकामिश्त’ असे कुठल्या तरी परकी भाषेतले वाक्य तयार होते. तालमीच्या दिवशी करून पाहा, सगळे खूप हसतील.

दडलेल्या शब्दांचा प्रश्न इथेच सुटतो. उलट्या बोलण्यात अर्थ नसतो, पण त्यात मानवी गळ्याचे चढउतार असतात, आणि आपला मेंदू अशा आवाजात शब्द शोधल्याशिवाय राहत नाही. कॅनडातील लेथब्रिज विद्यापीठाच्या जॉन व्होकी आणि डॉन रीड यांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत ऐकणाऱ्यांना उलट्या वाक्यांचा अर्थ लागला नाही. मात्र अमुक शब्द ऐका असे आधी सांगितले की तो त्यांना ऐकू येऊ लागला. जुडास प्रीस्ट या ब्रिटिश बँडवर अमेरिकेतील नेव्हाडा राज्यात असल्याच आरोपावरून खटला चालला आणि १९९० साली न्यायाधीशांनी निकाल बँडच्या बाजूने दिला. तुमच्या श्रोत्यांपैकी कोणाला काही भलते ऐकू आले तर तो त्यांच्या शेजाऱ्याने कानात सांगितलेला शब्द असण्याची शक्यता जास्त.

नाट्यगृहाबद्दल एक शेवटची तांत्रिक गोष्ट. उलट्या आवाजाची सारी जादू त्याच्या तुटण्यात असते, आणि सभागृहाचा नैसर्गिक घुमारा नेहमी सुलट असतो. तुमचा आवाज समेवर तुटला तरी भिंती तो आणखी सेकंदभर चालू ठेवतात. घरी हेडफोनवर जीवघेणा वाटलेला तुकडा तिथे मऊ आणि गुळगुळीत होतो. म्हणून उलट्या सतारीवर वरून रिव्हर्ब अजिबात लावू नका, ती घरी थोडी रुक्ष आणि थोडी मोठीच वाटू द्या, आणि समेनंतरची निदान अर्धी मात्रा ट्रॅकमध्ये रिकामी सोडा.

परवान्याचे काम आयोजकावर ढकलून मोकळे होऊ नका. कोणाचे तयार ध्वनिमुद्रण जाहीरपणे वाजवायचे असेल तर त्या मुद्रणाच्या हक्कधारकाची परवानगी लागते आणि शब्द व चाल यांच्यासाठी वेगळी, जी साधारणपणे १९६९ साली स्थापन झालेल्या आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या संस्थेमार्फत घेतली जाते. ट्रॅक तुम्ही स्वतः वाजवून केलात तर पहिली परवानगी लागत नाही, दुसरी मात्र लागतेच. तुमचे नवे गाणे तुमचेच असल्यामुळे त्याची चिंता नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी सभागृह दुपारपासून मागून घ्या, आधी षड्ज ताडा, मग ते नवे गाणे समेच्या दोन आवर्तने आधीपासून वाजवा आणि तुमच्यापैकी एकाने शेवटच्या रांगेत जाऊन उभे राहावे. तिथे सतार फुगताना ऐकू आली आणि तबलजींचा ‘धा’ तिच्या नंतर न येता तिच्यावरच पडला, तर तुकड्याला हात लावू नका. ‘धा’ मागून आल्यासारखा वाटला तर तबलजींना काही सांगू नका. ट्रॅकमधला तुकडा दहा-दहा मिलिसेकंदांनी पुढे ढकलत बसा, साधारण तिसऱ्या खेपेला जुळतो.